शिगेचं माप

"पाच लिही," अपोंडी म्हणाली.

"अहो मावशी, प्रश्न तरी पुरा ऐका."

"ऐकला की. मोबाईल, धंदा, सोय. लिही पाच."

झॅब्लॉन ओयुगीने गुडघ्यावरचा कागद सरळ केला. तो उपड्या घातलेल्या डब्यावर बसला होता आणि डबा एका बाजूने चेपलेला असल्यामुळे तोही एका बाजूला कलला होता. न्यालुंडाच्या बाजारात ऊन दहानंतर येतं आणि मग जात नाही. समोर अपोंडीच्या चार परातींत वाळलेली ओमेना चांदीच्या किसासारखी चमकत होती. बोटाच्या पेराएवढी मासळी. सरोवरावरून वारा आला की तिचा वास आधी नाकात जातो, मग कपड्यांत.

"एक म्हणजे मुळीच मान्य नाही," झॅब्लॉन म्हणाला, "आणि पाच म्हणजे पूर्ण मान्य. मधे दोन, तीन, चार आहेत. तुम्हाला मनापासून जे वाटतं ते सांगायचं. आता हा प्रश्न बघा. 'बाजाराच्या सगळ्या सूचना मोबाईलवर मिळाल्या तर माझी सोय होईल.'"

"होईल ना तुझी सोय?"

"माझी नाही हो, तुमची."

"पाच."

शेजारच्या परातीमागून नेरेआ म्हणाली, "अगं, एखादा चार दे त्याला. सगळे पाच बघून मास्तर म्हणायचे, पोरानं कॉपी केली."

"तू दे चार. तुझा हात आखडताच आहे."

"मी? परवा ती नैरोबीची आली होती, मासळीवरनं पाय टाकून गेली बघ, तिलाही मी दोन दिले. माणुसकी म्हणून दिले. नापास झाली असंल बिचारी."

झॅब्लॉनचं पेन थांबलं.

"नेरेआ मावशी, हे मार्क नाहीयेत."

"मार्क नाहीत तर एक ते पाच कशाला?"

"तुमचं मत मोजायला."

"माझं मत मोजून तुला काय मिळणार?" नेरेआने विचारलं. यावर त्याच्याकडे उत्तर होतं, पण ते तीनशे पानांचं होतं.

टेकडीपलीकडे विद्यापीठ झाल्यापासून अशी पोरं दर कोरड्या हंगामात बाजारात उगवत. गळ्यात ओळखपत्र, हातात कागदांचा गठ्ठा, पायात बाजाराला न शोभणारे बूट. कुणी बचतगटाचं विचारी, कुणी प्लॅस्टिकच्या पिशव्यांचं, अलीकडे सगळी मोबाईलचं. विचारून गेली की गेलीच. काय झालं ते सांगायला परत कुणी आलेलं नव्हतं. तेव्हा ओळीतल्या बायकांनी आपल्या परीने अर्थ लावला होता: विद्यापीठातले मास्तर पोरांना बाजारात पाठवतात आणि बाजाराकडून मार्क घेतात. यात नवल काय? पोराला खाली बसता येतं का, म्हाताऱ्या बाईचं ऐकून घेता येतं का, मासळीचा वास आला तर नाक मुरडतं का, हे बाजाराइतकं कोणाला कळणार?

आणि झॅब्लॉन चांगला पोरगा होता. पहिल्यांदा आला तेव्हा त्याने आपला सदरा खराब होईल याची पर्वा न करता अपोंडीची परात उचलायला हात लावला होता. मधे त्याची आई गेली. त्यानंतर तो अपोंडीच्या परातीमागे बसून हाताने कालवून खाई, आणि चुकून कधी मावशीच्या जागी 'आई' म्हणे. अशा पोराला चार? ओमेना मापाने विकतात, आणि माप शिगेचंच द्यायचं असतं. डबा भरून वर तळहात फिरवून सपाट करून देणारी बाई त्या ओळीत आठवडाभर टिकली नसती. पाचपैकी चार म्हणजे तळहात फिरवलेलं माप.

झॅब्लॉनने पुन्हा समजावलं. "समजा, तुम्हाला बाजारातला नळ आवडत नाही. मग तुम्ही एक सांगाल की नाही?"

"नळ चांगला नाहीच."

"बरोबर. तसंच हे. आता सांगा, 'माझ्याकडे चांगला चालणारा स्वतःचा फोन आहे.'"

अपोंडीने कमरेचा फोन काढला. त्याला दोन रबरं लावलेली होती. ती काढली तर पाठ निसटायची आणि पाठ निसटली तर बॅटरी. "हा बघ," ती म्हणाली. "समजलं मला. पाच."

झॅब्लॉनने भरलेले कागद मोजले. त्याला तीनशे चौऱ्याऐंशी माणसं हवी होती. हा आकडा एका सूत्रातून आलेला होता आणि त्यात एकही कमी चालणार नव्हता. झाली होती एकशे एकाहत्तर. पीएचडीचं हे पाचवं वर्ष. सरांनी महिनाअखेरची मुदत दिली होती, पुढे नोंदणी रद्द. त्याने तिसऱ्यांदा समजावलं, या खेपेला जरा भरभर, आणि मग खाली मान घालून चाळीसच्या चाळीस ओळींत पाच लिहून टाकले. नेरेआचेही. त्या ओळीतल्या बावीस जणींचे.

"आता जेव," अपोंडीने मक्याच्या शिजवलेल्या पिठाचा गोळा आणि तळलेली मासळी पुढे केली.

"नको मावशी. भूक नाही."

तो पेनाचं टोपण सदऱ्याला पुसत बसला होता. स्वच्छच होतं ते, तरी पुसत होता. अपोंडीला वाटलं, पोराला ऊन लागलं.

दोन वर्षांनी तो पदवीदानाचं आमंत्रण घेऊन आला तेव्हा ओळीने एक दिवस बंद ठेवायचं ठरवलं. ही ओळ कुणाच्या मयतीलासुद्धा अर्ध्या दिवसाच्या वर बंद राहिली नव्हती. "पास आपण केलाय," नेरेआ म्हणाली, "मग हार घालायला दुसऱ्या कुणी जायचं?" एका माताटूत, चौदा जणांच्या गाडीत, बावीस बायका बसल्या. झॅब्लॉनचं नाव पुकारलं तेव्हा बाविसांनी जीभ टाळ्याला लावून असा काही कल्लोळ केला की मंचावरच्या साहेबांनी टोपी सावरली. एक शिपाई धावत येऊन म्हणाला, बसा, बसा. नेरेआ त्याला म्हणाली, "तूच बस. आम्ही मार्क दिलेत त्याला."

परतताना वाटेत तिने नव्या डॉक्टरला गुडघा दाखवला. आपण तसले डॉक्टर नाही, असं तो म्हणाला. "म्हणजे एवढं करून अर्धवटच शिकलास," नेरेआ म्हणाली, आणि गाडी टेकडी उतरेपर्यंत हसत राहिली.

झॅब्लॉनने अपोंडीला प्रबंधाची एक प्रत दिली. काळं पुठ्ठ्याचं पुस्तक, वर सोनेरी अक्षरं. चौथ्या पानावर आभार, आणि आभारात तिचं नाव: कोन्सोलाता अपोंडी आणि न्यालुंडा बाजारातील तिच्या ओळीतल्या स्त्रिया. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण बायबल वाचण्यापुरती अक्षरओळख होती, तेवढ्यावर तिने आपलं नाव शोधलं. पुस्तक तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पेटीत ठेवलं. पाहुणे आले की पिशवी सुटे, चौथं पान उघडे, आणि तिचं बोट त्या एका ओळीवर थांबे. पुढची दोनशे शहाण्णव पानं तिने कधी उलटली नाहीत. त्यात आपलंच बोलणं असणार, ते काय वाचायचं.

झॅब्लॉनला राजधानीजवळच्या एका कॉलेजात जागा मिळाली. तो नाताळला फोन करी. रबरं घट्ट धरून ती बोले.

मग न्यालुंडात जुन्या बाजाराच्याच जागेवर नवा बाजार झाला. वर पत्रा, खाली सिमेंटचे ओटे, प्रत्येक ओट्यावर पांढऱ्या रंगात आकडा. नगरपालिकेने जागांचं वाटप मोबाईलवरून करायचं ठरवलं. फोनवर एक संदेश येणार, त्यातलं पान उघडायचं, नाव भरायचं, ओळखपत्राचा फोटो काढून पाठवायचा, पंधरा दिवसांत. भिंतीवर सूचना लागली नाही, दवंडी पिटली नाही, कारण त्याची गरज नाही असं अभ्यासातून दिसून आलं होतं. ज्यांच्या घरात शिकलेली नात किंवा भाचा होता, त्यांचं काम झालं. अपोंडीचा फोन कधीतरी एकदा वाजला आणि थांबला. तिने रबरं तपासून तो परत कमरेला खोचला.

सोळाव्या दिवशी सकाळी ती परात घेऊन आली तेव्हा फाटकापासून तिसऱ्या जागेवर कुणाचातरी पांढरा फ्रीझर उभा होता.

ती जागा तिच्या सासूची. एकतीस वर्षांपूर्वी सासूने तिला तिथे आणलं होतं, जमीन तळहाताने झाडली होती आणि म्हणाली होती, "इथं बस. इथं ऊन उशिरा येतं." एवढंच. नव्या सुनेला सासूने दिलेलं तेच एक मऊ वाक्य.

ओळीतल्या अकरा जणी बाहेर पडल्या. त्यात नेरेआही होती. त्या कुंपणाबाहेर रस्त्याच्या कडेला बसू लागल्या. पालिकेची गाडी आली की पराती उचलून पळायचं, गाडी गेली की परत मांडायचं. नेरेआच्या गुडघ्याला पळणं जमत नसे. अपोंडी स्वतःची परात ठेवून आधी तिची उचली.

"तुझा डॉक्टर येणार आहे म्हणे," एक दिवस नेरेआ म्हणाली. "फीत कापायला. त्याच्याच पुस्तकावरनं बांधलाय बाजार."

"येऊ दे की," अपोंडी म्हणाली. "त्याला सांगते. चुटकीसरशी करील."

"आमचंही सांग. बावीस होतो आपण, त्याला हार घालायला गेलो तेव्हा."

"हे काय सांगायला हवं?"

उद्घाटनाच्या दिवशी फाटकाला फुगे बांधले होते. अपोंडीने डोक्यावर परात घेतली होती आणि काखेत ते काळं पुस्तक, पिशवीसकट. झॅब्लॉन गाडीतून उतरला. काळा कोट, अंगाने थोडा भरलेला. तिला बघताच तो पाहुण्यांना सोडून आला.

"आई! तुम्ही आत का नाही? तुमचा ओटा कुठला?"

तिने सांगितलं. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला. "हे चूक झालं," तो म्हणाला. "थांबा, ही चूक आहे. चला माझ्याबरोबर." त्याने तिच्या डोक्यावरची परात स्वतः उतरवली, कडेवर पोर घ्यावं तशी धरली आणि तिला बाजार अधीक्षकांच्या खोलीत घेऊन गेला. नेरेआ बाहेर पायरीवर बसली.

अधीक्षक बेर्ता ओगुटू पन्नाशीची बाई होती. चष्मा कपाळावर, टेबलावर फायली, फायलींवर काळं पुस्तक. तसंच, सोनेरी अक्षरांचं. ते बघून अपोंडीला बरं वाटलं. आपलं माणूस आधीच आत बसलेलं असावं तसं.

झॅब्लॉन म्हणाला, "मॅडम, ह्या अपोंडीबाई. एकतीस वर्षं इथे बसतात. ह्यांची जागा गेली. ह्यांच्यासारख्या आणखी दहा जणी आहेत."

"बसा, आजी." ओगुटूने चष्मा खाली ओढला. "डॉक्टर, मला वाईट वाटतं, पण वाटप तुमच्याच शिफारशीप्रमाणे झालंय. सूचना फोनवर, अर्ज फोनवर. समितीत दोघं विरोधात होते, म्हणाले, म्हाताऱ्या बायकांना जमायचं नाही. मी त्यांना हे पान दाखवलं." तिने खूण घातलेलं पान उघडलं. "ओमेनाची ओळ. बावीसपैकी बावीस. स्वतःचा चांगला फोन आहे: पूर्ण मान्य. सूचना फोनवर चालतील: पूर्ण मान्य. फोनवर अर्ज भरायला अडचण नाही: पूर्ण मान्य. आजी, त्या बाविसांत तुम्ही होता?"

"होते म्हणजे? पहिलं नाव माझं." अपोंडी पिशवी सोडू लागली. "चौथ्या पानावर बघा."

"मग आता म्हणता, सूचना कळली नाही."

अपोंडीने फोन काढून टेबलावर ठेवला. ओगुटूने त्याच्याकडे पाहिलं. रबरांकडे पाहिलं.

"मग तुम्ही पाच का सांगितलेत, आजी?"

"ते मार्क होते ना, मॅडम. पोराचे."

"कसले मार्क?"

अपोंडीला हसू आलं. एवढी शिकलेली बाई आणि हे माहीत नाही. तिने हौसेने सांगितलं: पोरं येतात, बाजार मार्क देतो, झॅब्लॉन कसा खाली बसायचा, कशी परात उचलू लागायचा, मापावर तळहात फिरवायचा नसतो, नैरोबीच्या पोरीला नेरेआने दोनच दिले. "ह्याला कमी कोण देणार? सगळ्याजणींनी पाच दिले. म्हणून तर पास झाला."

ओगुटू हसली नाही. तिने पेन खाली ठेवलं.

"डॉक्टर, हे खरं असेल तर मी आज वाटप थांबवते. आत्ता. फीत कापायच्या आधी. या अकराजणींची नावं हाताने लिहून घेते. पण का थांबवलं ते मला लेखी द्यावं लागेल, आणि त्याची प्रत तुम्हाला पदवी देणाऱ्या विद्यापीठात जाईल. आजींना काय, वयामुळे घोळ होऊ शकतो. तुम्ही तिथे होता. तुम्ही सांगा."

खोलीत पंखा चालू होता. झॅब्लॉनने परात अजून कडेवरच धरली होती. ती त्याने हळूच जमिनीवर ठेवली, सरळ उभा राहिला आणि खिशातलं पेन काढून त्याचं टोपण कोटाला पुसू लागला.

अपोंडी त्या टोपणाकडे बघत राहिली. स्वच्छच होतं ते.

चार परातींतली कुठली बिघडली आहे ते तिला झाकण न काढता वासावरून कळे. तसं ते तिला कळलं. पूर्ण नाही कळलं. प्रबंध म्हणजे काय, प्रत कुठे जाते, तिथे कोण वाचतं, हे तिला आजही सांगता आलं नसतं. पण त्या दिवशी पोराला ऊन लागलं नव्हतं, एवढं कळलं. इथे तर सावली होती.

"मॅडम, त्याचं असं आहे..." झॅब्लॉन म्हणाला, आणि थांबला.

गिऱ्हाईक पदराची गाठ सोडत असलं की घाई करायची नसते. अपोंडीने वाट बघितली. त्याला बोलायचं होतं हे तिला दिसत होतं. बाहेर माईकवर कुणीतरी एक, दोन, तीन म्हणत होतं. पंख्याने पुस्तकाचं पान फडफडवलं. ओगुटूने त्यावर हात ठेवला. झॅब्लॉनने एकदा अपोंडीकडे पाहिलं, आणि ते त्या पोराचं बघणं होतं, आई गेल्यावर डब्यावर येऊन गप्प बसलेल्या.

नेरेआ दाराबाहेर खोकली. तिचा गुडघा तिला पायरीवर फार वेळ बसू देत नसे.

"मी म्हातारी बाई, मॅडम," अपोंडी म्हणाली. "माझा घोळ झाला. मार्कांचं ते त्या नैरोबीच्या पोरीचं. ह्यानं नीट समजावलं होतं मला. तीनदा." हे खरंच होतं. तीनदा समजावलं होतं.

"आणि तुम्ही समजून पाच सांगितलेत?"

"समजून."

"नक्की, आजी? मी पुन्हा विचारणार नाही."

"पूर्ण मान्य," अपोंडी म्हणाली.

ओगुटूने तिच्याकडे पाहिलं, मग झॅब्लॉनकडे, आणि मग तिने चष्मा कपाळावर चढवला. "माझ्या हातात मग काही राहत नाही," ती म्हणाली. फोन तिने दोन्ही हातांनी उचलून परत दिला.

बाहेर नेरेआ भिंतीला धरून उठली. "काय म्हणाली?"

"पुस्तकात लिहिलंय म्हणाली."

"अगं मग सांगायचं, ते मार्क होते म्हणून."

"सांगितलं."

"मग?"

अपोंडी चुंबळ डोक्यावर बसवत होती. ती आज नीट बसत नव्हती. "मग काही नाही."

नेरेआने तिच्याकडे पाहिलं, तिच्यामागे दारात उभ्या काळ्या कोटाकडे पाहिलं. ती शिकलेली नव्हती, पण तीस वर्षं मापं बघत आली होती.

"तुमच्या माहेरच्या, आलेगोच्या बायका अशाच," ती हळू आवाजात म्हणाली. "पाहुण्याला जेवू घालतील, आणि विस्तव शेजारणीच्या चुलीतला घेतील."

तिने आपली परात उचलली आणि लंगडत फाटकाकडे निघाली. रोज दोघी बरोबर निघत. जी आधी आवरी ती थांबे. नेरेआ थांबली नाही.

झॅब्लॉनने अपोंडीची परात दोन्ही हातांनी उचलून तिच्या डोक्यावर ठेवली. "आई, मी बोलेन त्यांच्याशी," तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात. शांतपणे. दुसरा काहीतरी मार्ग असेल."

"बोल हो."

"खरंच बोलेन."

"जा आता. फीत कापायची आहे ना तुला?"

तो वळला तेव्हा तिला दिसलं. परात कडेवर धरल्यामुळे कोटाच्या बाहीवर, कोपरापासून मनगटापर्यंत, मासळीची चांदी लागली होती. काळ्या कापडावर उन्हात लखलखत होती. त्याचं त्याला माहीत नव्हतं. आता तो असाच सगळ्यांच्या पुढे जाऊन उभा राहणार होता.

पुसून द्यावी म्हणून तिने हात पुढे केला. मग तिने आपल्या तळहाताकडे पाहिलं, त्यावरही तीच चांदी होती, आणि हात खाली घेतला.